ज्या चेहऱ्याचे वर्णन कोणी लिहिले नाही

येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचे चित्रपट मी गेली बरीच वर्षे जसे मिळतील तसे पाहत आलो आहे. जन्माने किंवा श्रद्धेने मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे भक्ताला जे दिसते ते मला दिसत नसणार, हे आधीच मान्य करतो. मला या चित्रपटांकडे पुन्हा पुन्हा ओढून नेते ती एक अडचण आहे, आणि सव्वाशे वर्षांत ती कोणालाही पुरती सोडवता आलेली नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांनी येशूचे बोलणे लिहून ठेवले, त्याचे प्रवास, चमत्कार, मृत्यू आणि पुनरुत्थान लिहून ठेवले. पण तो दिसायला कसा होता याविषयी एक ओळ लिहिली नाही. तो उंच होता की ठेंगणा, सावळा होता की गोरा, त्याला दाढी होती की नव्हती, यांतले काहीच त्यांनी सांगितलेले नाही. त्याने कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, एवढे मात्र लूक नोंदवतो.

ही मोकळी जागा चित्रकारांनी आपापल्या काळाप्रमाणे भरली. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले एक घरगुती प्रार्थनास्थळ सापडले आहे. त्याच्या भिंतीवर पक्षाघाती माणसाला बरे करणारा जो येशू रंगवला आहे, त्याला दाढी नाही. लांब केस, मधोमध भांग आणि दाढी हे आज कोणीही ओळखेल असे रूप पुढे हळूहळू स्थिरावले. चित्रपटाने ते जसेच्या तसे उचलले, कारण पडद्यावर माणूस आला की तो कोण हे पहिल्याच क्षणी कळावे लागते. इथपर्यंतचे काम रंगभूषाकाराचे आहे आणि त्याला ते जमते.

खरी अडचण त्यापुढे आहे. शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणारे हे चौघे, त्याच्या चेहऱ्याबद्दल जसे गप्प आहेत, तसेच बहुतेक वेळा त्याच्या मनाबद्दलही गप्प आहेत. तो निघाला, तो म्हणाला, त्याने हात लावला, तो निघून गेला, अशा क्रियापदांवर कथा चालते. कधी त्याला लोकांचा कळवळा येतो, कधी राग येतो, गेथशेमाने बागेत तो मरणप्राय खिन्न होतो. आणि लाजर या मित्राच्या कबरीपाशी योहान दोनच शब्द लिहितो, ‘येशू रडला’. असे मोजके प्रसंग सोडले तर आपण सतत गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या अंतरावरून त्याला पाहत असतो. कॅमेऱ्याला मात्र त्या अंतरावर फार वेळ थांबता येत नाही. तो जवळ जातो, चेहरा पडदाभर पसरवतो आणि विचारतो की या क्षणी या माणसाच्या मनात काय चालले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात नसते, आणि इसवी सन 451 मधील कॅल्सिडॉनच्या धर्मपरिषदेने ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे ठरवून दिलेले असल्यामुळे नटापुढचा पेच आणखीच घट्ट होतो. नट मनुष्य उभा करू शकतो, कारण त्याची सारी कला शंका, भय, इच्छा आणि निर्णय यांवर चालते. ज्याला शेवट आधीच ठाऊक आहे, अशा पात्राचा निर्णय तो कसा उभा करणार?

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मी या लेखात येशूला ‘तो’ म्हणतो आहे, त्यात अनादर नाही. मराठी बायबलही त्याला एकेरीच संबोधते, आणि देवाला अहो-जाहो करण्याची आपल्या भाषेला सवय नाही. चित्रपटांबद्दल लिहिताना मला हे एकेरी संबोधन फार उपयोगी वाटते, कारण जवळीक आणि अंतर या दोन्ही गोष्टी त्यात एकाच वेळी असतात. पडद्यावरच्या येशूंना नेमके तेच साधत नाही.

आरंभीच्या मूकपटांना हा पेच पडलाच नाही, कारण तेव्हा कॅमेरा जागचा हलत नसे. 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये येशूच्या दुःखसहनाचा एक मूकपट दाखवला गेला. जर्मनीतल्या ओबरआमरगाऊ या गावी 1634 पासून चालत आलेल्या प्रसिद्ध नाटकाचे ते चित्रण आहे असे भासवले गेले. प्रत्यक्षात ते न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर चित्रित झाले होते. बिंग फुटले, तरी प्रेक्षक येतच राहिले. 1906 मध्ये फ्रान्समध्ये आलिस गी या दिग्दर्शिकेने पंचवीस दृश्यांत ख्रिस्तचरित्र मांडले. त्यातली रचना जेम्स तिसो या चित्रकाराच्या चित्रांवर बेतलेली होती. हे सगळे हलते देखावे होते. प्रेक्षकाला कथा पाठ होती, त्याला फक्त ती डोळ्यांपुढे घडलेली पाहायची होती, आणि येशूचा चेहरा पडद्यावर बोटाच्या पेराएवढा दिसे. अशाच एका ख्रिस्तपटाने 1911 च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांना झपाटले. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. समोर येशू आणि मनात कृष्ण, असे होण्याइतकी मोकळी जागा त्या दूरच्या, लहानशा आकृतीत होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

कॅमेरा जवळ येऊ लागला तशी लोकांना धास्ती वाटू लागली. 1912 मध्ये सिडनी ऑल्कॉट या दिग्दर्शकाने इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये जाऊन ख्रिस्तचरित्र चित्रित केले, तेव्हा ब्रिटनमध्ये वाद उठला. त्याच सुमारास तिथे स्थापन झालेल्या चित्रपट अभ्यवेक्षण मंडळाचे सुरुवातीला दोनच ठाम नियम होते. एक म्हणजे नग्नता दाखवायची नाही, आणि दुसरा म्हणजे ख्रिस्ताला सदेह पडद्यावर आणायचे नाही. या दोन गोष्टी एकाच यादीत याव्यात, हे वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो. आता तसे हसू येत नाही. पाहू नये असे काहीतरी दाखवले जाण्याची भीती दोन्हींत सारखीच आहे.

चेहरा दाखवायचाच नाही, हा मग एक मार्ग झाला. त्याचा उगम रंगभूमीवर आहे. ल्यू वॉलेस यांच्या 1880 मधल्या ‘बेन-हर’ या कादंबरीचे नाटक 1899 मध्ये ब्रॉडवेवर आले, तेव्हा ख्रिस्ताची भूमिका कोणा नटाने करायची नाही अशी लेखकाची अट होती. त्याच्या जागी प्रखर प्रकाशाचा एक झोत रंगमंचावर पडत असे. 1925 च्या मूकपटात ख्रिस्ताचा फक्त हात दिसतो. 1959 मध्ये विल्यम वायलर यांनी तीच कथा पुन्हा केली तेव्हा क्लॉड हीटर या ऑपेरागायकाला ती भूमिका दिली, पण त्याचा चेहरा दाखवला नाही, आवाज ऐकवला नाही आणि श्रेयनामावलीत नावही घातले नाही.

त्या चित्रपटातल्या पाण्याच्या प्रसंगाइतका चांगला येशू पडद्यावर फार थोड्या वेळा आला आहे, असे माझे मत आहे. साखळदंडांनी बांधलेल्या कैद्यांचा तांडा नाझरेथहून चालला आहे. सगळ्यांना पाणी मिळते, पण कथानायक ज्यूडा बेन-हर याला पाणी द्यायचे नाही, असा रोमन अधिकाऱ्याचा हुकूम आहे. तो धुळीत कोसळतो आणि देवाचा धावा करतो. तेवढ्यात एक सावली पडते, एक हात त्याच्या तोंडावर पाणी फिरवतो आणि त्याला पाणी पाजतो. अधिकारी ओरडत पुढे येतो. पाणी देणारा उठून उभा राहतो. आपल्याला त्याची पाठ आणि केस दिसतात. आता कॅमेरा अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे. त्याचा हात थबकतो, नजर ढळते, तो मागे वळतो, पुन्हा एकदा पाहतो आणि काही न बोलता दूर होतो. त्याने काय पाहिले, हे आपल्याला कळत नाही. त्या दुय्यम नटाला देवत्व वगैरे काही साकारायचे नव्हते. आपल्याला न पेलणारे काहीतरी पाहिलेला एक उर्मट माणूस त्याला उभा करायचा होता, आणि ते कोणत्याही चांगल्या नटाच्या आवाक्यातले काम आहे. शुभवर्तमानांची रीतही हीच आहे. तिथे येशू कोण हे त्याच्याकडे पाहणाऱ्यांवरून कळते, म्हणजे कोळी जाळी टाकून उठतात, जकातदार जकातनाका सोडून चालू लागतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होते ते कोणी सांगत नाही.

अर्थात तीन-चार दृश्यांपुरते हे जमते. तोच कथानायक असेल तर त्याची पाठ किती वेळ दाखवणार? सेसिल डी मिल यांनी 1927 मध्ये ‘द किंग ऑफ किंग्ज’ करताना निदान त्याचे प्रथमदर्शन तरी चतुराईने बांधले. एक आंधळी मुलगी त्याच्याकडे आणली जाते. पडदा तिच्या दृष्टीप्रमाणे अंधारा होतो, मग उजेड झिरपू लागतो आणि त्या उजेडातून येशूचा चेहरा स्पष्ट होत जातो. आपण त्याला पहिल्यांदा पाहतो ते नुकतीच दृष्टी मिळालेल्या डोळ्यांनी. ही कल्पना मला आजही थक्क करते. पुढचा चित्रपट तिच्या उंचीला पोहोचत नाही. येशू झालेले एच. बी. वॉर्नर तेव्हा पन्नाशीला आले होते. चित्रीकरणाच्या काळात ते इतरांपासून वेगळे जेवत आणि झाकलेल्या गाडीतून येत-जात. भूमिकेला बट्टा लागेल असे काम पुढची पाच वर्षे करायचे नाही, असेही त्यांच्याकडून लिहून घेतले गेले होते. ही पाच वर्षे सरल्यानंतर बऱ्याच काळाने, 1946 च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटात, वॉर्नर यांनी एका औषधविक्रेत्याचे छोटे काम केले. मुलगा गेल्याच्या दुःखात दारू प्यालेला तो म्हातारा चुकून औषधाच्या जागी विष भरतो. वॉर्नर यांचा येशू मी आदराने पाहतो, पण त्यांचा औषधविक्रेता मला विसरता येत नाही. त्या म्हाताऱ्याला चूक करण्याची मुभा होती.

बोलपटांच्या आणि रुंद पडद्याच्या काळात येशू स्थिर झाला. 1961 मध्ये निकोलस रे यांच्या चित्रपटात जेफ्री हंटर होते. तिशी उलटलेली असूनही ते इतके कोवळे आणि देखणे दिसत की समीक्षकांनी त्या चित्रपटाला ‘मिसरूड न फुटलेला येशू’ अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले. 1965 मध्ये जॉर्ज स्टीव्हन्स यांनी स्वीडनच्या माक्स फॉन सिडो यांना आणले. त्यांच्यात गांभीर्य होते, पण आजूबाजूला हॉलिवूडच्या नामवंतांची इतकी दाटी की वधस्तंभाशी उभ्या असलेल्या शताधिपतीच्या तोंडून जॉन वेन यांचा आवाज आला की प्रसंग बाजूलाच राहतो. आणि मग 1977 मध्ये फ्रांको झेफिरेली यांची ‘जीझस ऑफ नाझरेथ’ ही दूरदर्शन-मालिका आली. येशूला आपण साधा माणूस म्हणून दाखवणार, असे झेफिरेली यांनी आधी म्हटल्याचे पसरले आणि मालिका न पाहताच निषेध सुरू झाले. जनरल मोटर्स या प्रायोजक कंपनीने अंग काढून घेतले. प्रत्यक्षात रॉबर्ट पॉवेल यांचा येशू सगळ्यांत कमी साधा आहे. तो पापणी जवळजवळ लववत नाही. निळे डोळे रोखून तो पाहतो, आणि त्या न मिटणाऱ्या नजरेत देवत्व आहे असे आपण समजून घ्यायचे असते. पहिला तासभर ही युक्ती चालते. नंतर मला त्या नजरेचा थकवा येऊ लागला, कारण जो कधी पापणी मिटत नाही त्याला काही नव्याने दिसत असेल असे वाटत नाही.

निळ्या डोळ्यांचा विषय निघाला आहे तर तेही बोलून टाकतो. येशू पहिल्या शतकातला गालिलातला यहूदी होता आणि त्याची भाषा अरामी होती. युरोप आणि अमेरिकेने त्याला आपल्यासारखे केले यात नवल नाही. सगळेच तसे करतात. 1978 च्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटात विजयचंदर येशू झाले, 2006 च्या ‘सन ऑफ मॅन’ या दक्षिण आफ्रिकी चित्रपटात आंदिले कोसी हे कृष्णवर्णीय नट येशू झाले, आणि दोन्ही ठिकाणी ते शोभले. माझी तक्रार वेगळी आहे. त्याला गोरा करताना त्याचे यहूदीपणही पुसले गेले, आणि पडद्यावर यहूदी म्हणून उरले ते त्याच्या विरोधात ओरडणारे. दुःखसहनाच्या नाटकांतून शतकानुशतके यहूद्यांविरुद्ध द्वेष पेरला गेला असताना ही गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही. 1927 मध्येच यहूदी संघटनांनी डी मिल यांच्याकडे आक्षेप नोंदवला होता, आणि 2004 मध्ये मेल गिब्सन यांच्या चित्रपटाच्या वेळी तोच वाद जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला.

आता पासोलिनी. पिएर पाओलो पासोलिनी हे कवी, मार्क्सवादी आणि नास्तिक होते. 1963 मध्ये एका लघुपटामुळे त्यांच्यावर धर्माची अवहेलना केल्याचा खटलाही झाला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला. पॅलेस्टाइनमध्ये फिरून आल्यावर तो प्रदेश त्यांना फार आधुनिक वाटला, म्हणून त्यांनी दक्षिण इटलीत, मातेराच्या दगडी वस्तीत आणि आसपासच्या उजाड टेकड्यांवर चित्रीकरण केले. नट जवळजवळ कोणीच व्यावसायिक नव्हते. बरेचसे चेहरे तिथल्या शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे आहेत. येशू झाला एन्रिके इराझोकी, अर्थशास्त्र शिकणारा एकोणीस वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी. तो फ्रँकोच्या हुकूमशाहीविरुद्ध पाठिंबा मिळवायला इटलीत आला होता आणि त्या कामासाठीच पासोलिनींना भेटायला गेला होता.

मी या चित्रपटाच्या प्रेमात आहे, तेव्हा माझ्या मताला थोडी कात्री लावून वाचावे. त्यात पासोलिनींनी केलेली सगळ्यांत शहाणी गोष्ट म्हणजे त्यांनी मत्तयाने लिहिले त्याहून वेगळे संवाद लिहिले नाहीत. दोन प्रसंगांमध्ये मत्तय जोडकाम करत नाही, म्हणून चित्रपटही करत नाही. चमत्कार एका तुकड्यात होतो. कुष्ठरोग्याचा विद्रूप चेहरा दिसतो, येशू दिसतो, आणि पुन्हा तो चेहरा येतो तेव्हा तो स्वच्छ असतो. ना प्रकाशाचा झोत, ना कोणाचे आश्चर्योद्गार. इराझोकीचा येशू सतत चालत असतो. शिष्य मागे पडतात, आणि तो मान वळवून खांद्यावरून बोलत पुढे जातो. त्याच्या भुवया जुळलेल्या आहेत, चेहरा किंचित कठोर आहे आणि तो क्वचित हसतो. जेव्हा हसतो तेव्हा बहुधा समोर मुले असतात. गिरिप्रवचन तर पासोलिनींनी सलग समीपदृश्यांतच घेतले आहे. कधी मागे वीज चमकते, कधी वारा असतो, कधी डोक्यावरून वस्त्र ओढलेले असते, आणि तोच चेहरा वेगवेगळ्या उजेडात एकेक वचन फेकत राहतो. म्हणजे कॅमेरा जवळ गेला, अगदी जवळ गेला, पण मनात काय चालले आहे हे विचारलेच नाही. वेळ थोडा आहे आणि निरोप मोठा आहे, एवढेच त्या चेहऱ्यावर वाचता येते, आणि एवढे पुरते.

खटल्याचा प्रसंग याच्या अगदी उलट घेतला आहे. तिथे कॅमेरा हातात धरलेला आहे आणि तो लोकांच्या डोक्यांच्या, खांद्यांच्या फटींतून पाहतो. येशू लांब, लहानसा दिसतो. मध्ये कोणाचा तरी माथा येतो. बोलणे ऐकू येते, पण ते कोण बोलले हे पाहायला आपण टाचा उंचावतो. शुभवर्तमानाचे ते गर्दीतले अंतर पडद्यावर मला फक्त इथे भेटले. आणि वधस्तंभाखाली कोसळणारी वृद्ध मरिया म्हणजे पासोलिनींची स्वतःची आई, सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा गुइदो 1945 मध्ये, युद्धाच्या अखेरच्या काळात, मारला गेला होता. तिचे ते रडणे पाहताना तो अभिनय आहे की नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

गर्दीतल्या अंतराचा विनोदी उपयोग ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या 1979 च्या चित्रपटात आहे. धर्मनिंदा म्हणून तो काही देशांत अडवला गेला, पण त्यातला प्रौढ येशू एकाच दृश्यात येतो आणि त्याची कणभरही थट्टा केलेली नाही. तो टेकडीवर गंभीरपणे प्रवचन करतो आहे. कॅमेरा मागे मागे येत गर्दीच्या शेवटच्या रांगेत पोहोचतो, आणि तिथल्या लोकांना नीट ऐकू येत नाही. ‘शांती करणारे धन्य’ हे इंग्रजी उच्चारसाम्यामुळे ‘चीज करणारे धन्य’ असे ऐकू येते आणि लगेच त्यावर भाष्यही सुरू होते. श्रद्धेचे काय होते ते होवो, धर्मपंथांचा इतिहास इतक्या थोडक्यात कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

मार्टिन स्कोर्सेसी यांनी 1988 मध्ये ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ करताना कॅमेऱ्याचा प्रश्न टाळला नाही. चित्रपटाचा आधार निकोस काझान्झाकिस यांची कादंबरी आहे, शुभवर्तमाने नाहीत, असे सुरुवातीलाच लिहून दाखवले आहे. विलेम डॅफो यांचा येशू रोमनांसाठी वधस्तंभ तयार करणारा सुतार आहे. त्याला आवाज ऐकू येतात, ते देवाचे की सैतानाचे हे त्याला कळत नाही, आणि आपण काय बोलणार हे बोलायला तोंड उघडेपर्यंत त्याचे त्यालाच ठाऊक नसते. म्हणजे नटाला हवे ते सगळे इथे आहे. वधस्तंभावर असताना त्याला शेवटचा मोह पडतो, तो साध्या संसाराचा. लग्न, मुले, म्हातारपण हे सारे त्याला दिसते, आणि ते नाकारून तो परत वधस्तंभावर येतो. या चित्रपटावर जगभर संताप उसळला. पॅरिसमधल्या सेंट मिशेल चित्रपटगृहाला ऑक्टोबर 1988 मध्ये आग लावण्यात आली आणि त्यात तेरा माणसे जखमी झाली. बिल ब्राइट या अमेरिकी धर्मप्रचारकाने तर सगळ्या प्रती नष्ट करण्यासाठी निर्मात्यांचा खर्च भरून देण्याची तयारी दाखवली. याच ब्राइट यांच्या संस्थेने 1979 मध्ये लूकच्या शुभवर्तमानावर एक चित्रपट काढला होता, आणि तो आजवर दोन हजारांहून अधिक भाषांत उतरवला गेला आहे. एक येशू जाळायला हवा होता आणि दुसरा घरोघरी पोहोचवायला हवा होता. मला स्कोर्सेसींचा चित्रपट निंदक वाटत नाही, उलट फार धार्मिक वाटतो. पण त्याचे यश अर्धे आहे. मनुष्य इतका पूर्ण उभा राहिला की त्याच्यामागे लोक घरदार सोडून का निघाले, हे मला पटेनासे झाले.

गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’मध्ये अरामी, हिब्रू आणि लॅटिन बोलली जाते, आणि जिम कॅव्हिझेल यांचे निळे डोळे संगणकाने तपकिरी केलेले आहेत. एवढी काळजी घेऊन घडवलेला चेहरा चित्रपट पुढे फटक्यांनी आणि रक्ताने जवळजवळ पुसून टाकतो. एक डोळा तर सुजून मिटलेलाच असतो. फटक्यांचे दृश्य मी एकदा पूर्ण पाहिले, पुन्हा पाहणार नाही. चित्रीकरणात वीज पडल्याच्या, खांदा निखळल्याच्या कथा त्या वेळी प्रसिद्धीत भक्तिभावाने सांगितल्या जात. वॉर्नर यांच्या करारपत्राचाच तो नवा अवतार. मला मात्र त्यातले एक छोटे स्मरणदृश्य आवडते. तरुण येशूने एक उंच मेज बनवले आहे. अशा मेजावर बसून कोणी जेवेल यावर आईचा विश्वास बसत नाही, आणि तो हसत तिच्या अंगावर पाणी उडवतो. त्या अर्ध्या मिनिटात कॅव्हिझेल यांना काही सिद्ध करायचे नसते.

त्या हसण्याचा धागा 2019 पासून ‘द चोझन’ या मालिकेने धरला. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या या मालिकेत जोनाथन रूमी यांचा येशू थट्टा करतो, लग्नात नाचतो, प्रवचनाआधी शब्दांची जुळवाजुळव करतो. शुभवर्तमानात येशू हसल्याचा उल्लेख नाही, हे खरे. पण शेजाऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही उपमा देणारा माणूस विनोदी नव्हता असे मला म्हणवत नाही. मालिकेतला येशू मला कधी कधी अतिपरिचयाचा वाटतो, पाठीवर थाप मारणारा. तरी न मिटणाऱ्या त्या डोळ्यांनंतर हा बदल हवाच होता.

हे सगळे चित्रपट आठवताना मी शेवटी योहानातल्या एका प्रसंगाशी येऊन थांबतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोक येशूपुढे उभी करतात आणि हिला दगडमार करावी ना, असे विचारतात. तो उत्तर न देता ओणवा होतो आणि बोटाने जमिनीवर लिहू लागतो. त्याने काहीही लिहिल्याचा हा एवढाच उल्लेख, आणि काय लिहिले ते योहान सांगत नाही. डी मिल यांच्याच्याने राहवले नाही. त्यांच्या येशूने धुळीत आरोप करणाऱ्यांची पापे लिहिली, आणि ती वाचता यावीत म्हणून अक्षरे पडद्यावर बदलतही गेली. गिब्सन यांच्या येशूने बोटाने फक्त एक रेघ ओढली. पासोलिनींना हा प्रसंग घेता आला नाही, कारण तो मत्तयात नाही. त्यांनी तो घेतला असता तर कॅमेरा कुठे ठेवला असता, याचा मी अनेकदा विचार केला आहे. माझ्या मनात तो मागच्या रांगेत आहे, दगड हातात धरलेल्या कोणा माणसाच्या खांद्याआड, जिथून ओणव्या पाठीपलीकडची जमीन दिसत नाही.